दोन बोटांचं अंतर

ऑक्टोबर 2015 मध्ये फियाटने भारतात अबार्थ पुंटो आणली. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि नाकावर विंचवाचा बिल्ला, कारण अबार्थचे संस्थापक कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक. गाडी पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार व्हायची. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती 9 लाख 95 हजार. ऑटोमॅटिकचा पर्यायच नव्हता; पाच गिअर, आणि तेही हाताने टाकायचे. पुढे फियाटने इथला पसारा आवरला, पुंटो बंद झाली. ज्यांनी ती जपली त्यांच्यापुढे आता एक प्रश्न हमखास येतो. गिअरचा लिव्हर सैल झालाय. तो कंपनीच्या मापाने परत घट्ट करायचा, की त्या जागी शॉर्ट शिफ्टर, म्हणजे आखूड प्रवासाचा लिव्हर, घालायचा?

सिकंदराबादेत हा प्रश्न नुसता खरेदीचा राहत नाही, कारण इथे राणीगंज आहे. बेअरिंग, ऑइल सील, बुश, होज, नटबोल्ट यांची दुकानं, आणि त्यांच्या आसपास लेथ. जे तयार मिळत नाही ते इथे करून मिळतं. त्यामुळे ‘काय विकत घ्यावं’ याच्या आधी ‘काय करून घ्यावं’ हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला यंत्र कळावं लागतं.

खाली बोलणारे मामा आणि भाची मी या लेखासाठी उभे केले आहेत. वाद मात्र या शहरातल्या गॅरेजांमध्ये नेहमी ऐकू येणारा आहे. मामा मूळचे नांदेडचे. सगळी नोकरी लालागुडाच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये झाली, निजामाच्या रेल्वेने 1893 मध्ये उभारलेल्या आणि आता दक्षिण मध्य रेल्वेकडे असलेल्या. भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाडी तिची आहे, आणि रविवारी पहाटे ती विकाराबादकडे अनंतगिरीच्या वळणांवर जाते.

भाची : मामा, दुसऱ्यातून तिसरा टाकताना माझा हात कुठवर जातो ते बघा. पार डॅशबोर्डला टेकायला येतो. इंजिन खाली तयार बसलेलं असतं आणि मी अजून लिव्हर ढकलतेच आहे. मला तो आखूड हवाय.

मामा : आधी मला एक कर. इंजिन बंद ठेव, तिसरा टाक आणि लिव्हर नुसता हलवून बघ. बोटाने, जोर न लावता.

भाची : हलतोय. चांगला हलतोय.

मामा : गिअर पडलेला आहे, आत काहीही सरकत नाही, आणि तरी वर नॉब हलतोय. तू ज्याला लांबी म्हणतेस त्यातला मोठा भाग हा प्ले आहे. आधी तो काढ. मग उरलेल्या लांबीशी भांडण आहे का ते बघू.

मामांचं म्हणणं समजायला गाडीखाली डोकावावं लागतं. या गाडीत इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे आणि गिअरबॉक्स त्याच्या कुशीला. लिव्हर मात्र दोन सीटच्या मध्ये. या दोघांना जोडतात दोन केबली. एक पुढे-मागे ढकलणारी, गिअर पाडणारी. दुसरी डाव्या-उजव्या रांगेची निवड करणारी. केबलीच्या टोकांना प्लास्टिकचे सॉकेट असतात आणि ते लोखंडी गोळ्यांवर दाबून बसवलेले असतात. इंजिनाची उष्णता, धूळ, पावसाळ्यातलं पाणी यांनी ते सॉकेट झिजतात. त्यात इंजिन फाउंडेशनचं रबर बसलं असेल तर ॲक्सिलरेटर दिला-सोडला की इंजिन-गिअरबॉक्सच पुढेमागे डोलतो आणि ती हालचाल केबलीवाटे लिव्हरपर्यंत पोहोचते. चालवणाऱ्याला वाटतं, लिव्हर वाईट आहे.

भाची : पण मग शॉर्ट शिफ्टरने प्लेसुद्धा कमीच होईल ना? तरफच आहे ती. वरचा प्रवास कमी केला की खालचा झोल वर येताना कमी होणार.

मामा : हिशोब करू. कागद घे. हिशोबापुरतं धरू की टेकूपासून नॉबपर्यंत 200 मिलिमीटर आहेत आणि टेकूपासून खाली केबलीच्या गोळ्यापर्यंत 50. म्हणजे एकास चार. केबल 30 मिलिमीटर सरकायला हवी, तर नॉब सरकणार 120. आता सॉकेटमध्ये एक मिलिमीटर झीज झाली, तर नॉबवर तिचे चार होतात.

भाची : आणि मी खालचा हात 50 चा 70 केला तर?

मामा : मग 200 भागिले 70, म्हणजे सुमारे 2.86. नॉबचा प्रवास 120 वरून 86 वर आला. चौतीस मिलिमीटर वाचले, दोन बोटं. झीज वर येईल तीही 2.86 मिलिमीटर. पण 120 मध्ये चार आणि 86 मध्ये 2.86 हे प्रमाण एकच आहे. हाताला झोल तेवढाच जाणवणार. शॉर्ट शिफ्टर झीज बरी करत नाही, तिला छोट्या जागेत बसवतो.

हा हिशोब मला महत्त्वाचा वाटतो, कारण शॉर्ट शिफ्टर विकताना सगळ्यात जास्त आश्वासन ‘नेमकेपणा’चं दिलं जातं. नव्या सुट्या भागाबरोबर नवे बुश येतात, गिअर एकदम नेटका पडू लागतो आणि श्रेय जातं आखूडपणाला. खरं काम त्या चार-पाच बुशांनी केलेलं असतं.

मामा : माझ्या तरुणपणी मुंबईच्या टॅक्स्या म्हणजे प्रीमियर पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. कुर्ल्याहून नवी आलेली गाडी लोण्यासारखी चालायची. जुनी झाली की त्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतचा प्रत्येक सांधा बोलायचा. ड्रायव्हर हवेत दांडी फिरवून गिअर शोधायचा. पण जो मालक वेळेवर बुश बदलायचा, त्याच्या पद्मिनीत पोरसुद्धा गिअर टाकू शकायचं. मूळ रचना वाईट नव्हती. देखभाल वाईट होती.

भाची : मान्य. पण तुम्ही मला फक्त जुनी गाडी नवी करायला सांगताय. मी म्हणते, नवी होती तेव्हाही हा लिव्हर माझ्यासाठी केलेला नव्हता. ही मुळात घरातल्या सगळ्यांनी चालवायची हॅचबॅक. तिचा गिअर बेगमपेटच्या ट्रॅफिकमध्ये कुणालाही हलका लागावा म्हणून लांब ठेवला. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्याला हलका गिअर आवडतो. मग त्याच बैठकीत 145 अश्वशक्ती घातली. इंजिन बदललं, माणूस बदलला. लिव्हरने का बदलू नये?

मामा : कारण हलकेपणाही फुकट आलेला नाही आणि आखूडपणाही फुकट येणार नाही. प्रवास 120 चा 86 केलास की जोर त्याच प्रमाणात वाढणार. आधी हाताला तीन किलो लागत असतील, तर आता सव्वाचार. काम तेवढंच आहे; अंतर कमी केलं तर भार वाढतो.

भाची : सव्वाचार किलोने माझा हात मोडत नाही.

मामा : हाताचं नाही बोलत मी. सिंक्रोचं बोलतोय.

इथे दोघेही थोडा वेळ गप्प राहिले असं मी मानतो, कारण पुढचा भाग या सगळ्या वादाचं काळीज आहे आणि तो घाईने सांगून चालत नाही.

गिअरबॉक्समधले दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. आपण ‘गिअर टाकतो’ म्हणजे एक सरकती स्लीव्ह त्या गिअरला शाफ्टशी जखडते. जखडण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हायला हवा. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर 2.2 आहे आणि तिसऱ्याचं 1.5. दुसऱ्यात इंजिन 5500 फेऱ्यांवर असताना क्लच दाबला आणि तिसरा टाकला, तर क्लच प्लेट आणि तिच्याबरोबर फिरणारा सगळा भाग 5500 वरून 3750 वर यायला हवा. हे काम सिंक्रोनायझरची छोटी रिंग करते. शंकूच्या आकाराच्या पृष्ठभागावर ती घासते, ब्रेकसारखी, आणि वेग जुळेपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. वेग जुळला की वाट मोकळी होते आणि गिअर आत पडतो.

त्या घर्षणाची ताकद ठरते स्लीव्हवरच्या दाबावरून. दाब जास्त तर वेग लवकर जुळणार, कमी तर उशिरा.

मामा : आता बघ काय होतं. शॉर्ट शिफ्टर घातला आणि हाताने पूर्वीइतकाच तीन किलोचा जोर लावला, तर खाली केबलीला पूर्वी बारा किलो मिळायचे, आता साडेआठ मिळणार. सिंक्रोला कमी दाब, म्हणजे वेग जुळायला जास्त वेळ. तू आखूड लिव्हर घालून गिअर हळू केलास.

भाची : आणि जोर वाढवला तर?

मामा : तर पूर्वीइतकाच वेळ. त्याहून लवकर हवं असेल तर त्याहून जास्त जोर, मग रिंगची झीज वाढली. आत वेग जुळायच्या आधी तू स्लीव्ह घुसवलीस की दात वाजतात. तो आवाज तू ऐकलेला आहेस.

भाची : ऐकलाय. पण मामा, तुमचं गणित हात स्थिर जोर लावतो असं धरतं. हात तसा वागत नाही. लिव्हरच्या प्रवासात सिंक्रो घासण्याचा टप्पा अगदी छोटा असतो. त्याच्या आधी जुन्या गिअरमधून बाहेर यायचं, न्यूट्रल ओलांडायचं, मग रिंगपाशी पोहोचायचं, आणि शेवटी आत पडायचं. हे सगळं रिकामं अंतर आहे. लांब लिव्हरवर ते मला खांद्यापासून हात हलवून पार करावं लागतं. आखूड केला की मनगटात येतं. मनगटाला रिंगची अडवणूक कळते, खांद्याला कळत नाही. मी तिथे थांबते, वाट मोकळी झालेली जाणवते, मग पुढे जाते. तुमच्या बारा-साडेआठ किलोपेक्षा मला हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे.

मामा : म्हणजे तू वेगासाठी करत नाहीस?

भाची : वेग हवा असता तर ड्युअल क्लचवाली घेतली असती, ती माझ्यापेक्षा केव्हाही लवकर गिअर बदलते. मी ही गाडी ठेवली ती हाताला काम आहे म्हणून. अनंतगिरीला एका वळणातून बाहेर पडताना तिसरा टाकायचा, पुढच्या वळणाआधी परत दुसरा, आणि तो टाकताना डावा हात, दोन्ही पाय, कान सगळे एकत्र चालतात. त्यातली एकच गोष्ट ढिली आहे. मला ती नीट करायची आहे.

माझं मत इथे भाचीच्या बाजूला झुकतं. चांगला गिअर म्हणजे लवकर पडणारा गिअर, हा समज आता निरर्थक झाला आहे. यंत्र माणसाला त्या शर्यतीत कधीच मागे टाकून गेलं. हाताने गिअर टाकणाऱ्याला जे उरलं आहे ते स्पर्शाचं ज्ञान, आणि त्यासाठी खर्च करणं पूर्णपणे रास्त आहे. 1989 ची पहिली माझदा एमएक्स-5 आजही नावाजली जाते ती ताकदीसाठी नाही. तिचा आखूड लिव्हर हाताशी प्रामाणिक आहे म्हणून. फक्त तिथे इंजिन उभं, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि लिव्हर थेट त्याच्या डोक्यावर. मध्ये केबल नाही. आडव्या इंजिनाच्या गाडीत तो स्पर्श केबलीतून गाळून येतो, आणि म्हणून केबलीची टोकं आधी, लांबी नंतर, हा मामांचा क्रम बरोबर आहे.

मामा : आणखी एक धोका सांगतो. हे जे तयार संच मिळतात त्यातले काही पुढे-मागेचा प्रवास कमी करतात, तसा डावी-उजवीकडचाही. त्याला हात लावायचा नाही. रांगा जवळ आल्या की तिसऱ्यातून चौथा ओढताना हात चुकून दुसऱ्यात जातो. 5500 वर तिसऱ्यात होतीस आणि दुसरा पडला, तर आपल्याच गुणोत्तराने इंजिन आठ हजारांवर फेकलं जाणार. तिथे इंधन तोडणारा लिमिटर काही करू शकत नाही, कारण चाकं इंजिनाला ओढत असतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडले तर गिअरबॉक्सचं नाही, इंजिनाचं बिल येतं.

भाची : डावी-उजवी तशीच ठेवणार. मधल्या रांगेत आणणारी स्प्रिंगही मूळचीच.

मामा : आणि तयार संच मागवायचा म्हणतेस, तो कुठून?

भाची : बाहेरून. अबार्थ पुंटोसाठी म्हणून विकतात.

मामा : युरोपातली अबार्थ ग्रांदे पुंटो सहा गिअरची. आपली पाचची. नाव एक आहे म्हणून पेटी एक असेल असं नाही. केबलीचं टोक, गोळ्याचा व्यास, पायाच्या बोल्टची मापं हे सगळं जुळलं तरच पैसे भर. नाहीतर कस्टम ड्युटी भरून शोभेची वस्तू घरात येईल.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नाही. आपल्याकडच्या फार थोड्या गाड्यांसाठी असे भाग मापाने तयार होतात. उरलेल्यांना राणीगंजला जावं लागतं आणि तिथे जाताना तीन गोष्टी ठरवून जाव्यात.

पहिली, बुश कशाचा. गनमेटलचा बुश टिकतो, पण इंजिनाचा प्रत्येक थरकाप हातात आणतो, आणि थोडा झिजला की खडखडतो. पॉलियुरेथेन मऊ, आवाज गिळतं, उन्हाळ्यात थोडं सैलावतं. डेल्रिन हे प्लास्टिक या दोघांच्या मध्ये: घट्ट, घसरतं, लेथवर स्वच्छ कापलं जातं. रस्त्यावरच्या गाडीसाठी केबलीच्या टोकाला डेल्रिन आणि लिव्हरच्या पायाशी गनमेटल हे मिश्रण मला पटतं. पायाशी कंप आधीच कमी झालेला असतो. दुसरी गोष्ट नॉब. जड नॉब शॉर्ट शिफ्टरला खरोखर मदत करतो, कारण त्याचा संवेगच रिंगपाशी लागणारा वाढीव जोर काही अंशी पुरवतो. पण मे महिन्यात सिकंदराबादेत दुपारी उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत ॲल्युमिनियमचा गोळा हातात धरवत नाही. त्यावर चामडं हवं. शिवाय या गाडीत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागते. बाजारातला सुंदर नॉब ती रिंग अडवत असेल तर तो बिनकामाचा.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करायला मनाई करतं. गिअर लिव्हरची लांबी त्या तपशिलांत नसते. तरी मूळ लिव्हर फेकू नये. गाडी विकताना घेणारा तो मागू शकतो.

मामा : मग माझा क्रम ऐक. आधी इंजिन फाउंडेशन. मग क्लच; तो पूर्ण सुटत नसेल तर सिंक्रो बिचारी क्लचशीही झुंजते आणि दोष लिव्हरवर येतो. त्याचं तेल बदल, हवा काढ. मग गिअर ऑइल, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. जाड घातलंस तर सकाळी दुसरा पडणार नाही. मग सगळे बुश. हे झाल्यावर अनंतगिरीला जाऊन ये. तरी लांब वाटला, तर लिव्हरला हात लाव.

भाची : आणि तेव्हा 70?

मामा : 60. प्रवास 120 वरून 100 वर येतो, जोर तीन किलोवरून 3.6. एक बोट कमी. सिंक्रोला ते झेपतं. आणि खालचा हात लांबवला की केबलीचं टोकही खाली जातं, केबल तिरकी ओढली जाते. दहा मिलिमीटरला केबलीच्या ब्रॅकेटखाली वॉशर घालून सांभाळता येईल. वीसला ब्रॅकेटच नवीन करावा लागेल.

भाची : मी खालच्या हाताच्या एकाच पट्टीवर तीन भोकं पाडून घेते. 50, 60, 70. जे आवडेल ते.

मामा : दहा-दहाच्या अंतरावर आठचं भोक पाडलंस तर दोन भोकांमध्ये दोन मिलिमीटर धातू उरतो. गिअर टाकताना पट्टी तिथेच चिरणार. आणि चिरली की तू हायवेवर, लिव्हर हातात आणि गाडी चौथ्यात.

भाची : मग खाच ठेवू, सरकवता येईल अशी?

मामा : खाचेत बोल्ट सरकतो. कितीही आवळ, एके दिवशी सरकतो.

भाची : मग 70 सोडून द्यायचा? मी करून पाहिल्याशिवाय नाही सोडणार. तुमचं 60 बरोबर असेल, पण ते माझ्या मनगटाला कळायला हवं.

मामांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन वेगळ्या पट्ट्या काढल्या. दोन्ही ईएन-8 पोलादाच्या, आठ मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकीला केबलीसाठी एकच भोक. एकीवर 60 लिहिलं, दुसरीवर 70.

मामा : दोन्ही एकदमच कापून घे, लेथवाल्याचा सेटिंगचा वेळ वाचेल. 70 चा ब्रॅकेट कसा करायचा ते मी काढून देतो. पण 60 आधी बसव, आणि गिअर ऑइल गरम झाल्यावर दुसऱ्या गिअरचा आवाज ऐक. वाजला, तर 70 ची पट्टी गाडीत ठेवायचीसुद्धा नाही.

भाची : नाही वाजला तर?

मामा : तर ब्रॅकेटचं माप घेऊन ये. शनिवारी राणीगंज दुपारनंतर मोकळं असतं.